इसबाची खाज आणि 'ॲलर्जीची गोळी' : एका औषध-परीक्षणाचा इतिहास आणि यवतमाळचा संदर्भ

प्रस्तावना :

यवतमाळ जिल्ह्यात पोळ्याच्या आगेमागे कपाशीतील निंदण जोरात असते. याच दिवसांत धुऱ्यांवर, पडीक वावरांत आणि रस्त्यांच्या कडेला गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरून येते. पापण्या, मान आणि कोपरांच्या आतील घड्या खाजून खाजून जाड व काळपट झालेली माणसेही याच दिवसांत दवाखान्यांच्या रांगेत दिसू लागतात. त्यांना मिळणाऱ्या उपचारात मलम कोणतेही असो, एक लहानशी गोळी बहुधा असतेच. ती ॲव्हिल असेल, सीपीएम असेल, अलीकडे सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन असेल. रुग्णाच्या बोलीत मात्र ती सरसकट 'ॲलर्जीची गोळी' असते. पुष्कळदा डॉक्टरांपर्यंत जाण्याचेही कारण पडत नाही. औषधाच्या दुकानात एवढे नाव उच्चारले की पुरते.

या गोळ्यांचे शास्त्रीय कुलनाम प्रतिहिस्टामीन औषधे असे आहे. शीतपित्तावर, म्हणजे अंगावर अचानक उठून काही तासांत मावळणाऱ्या गांधींवर, त्या गुणकारी आहेत याविषयी वाद नाही. परंतु इसबाची खाज त्या शमवितात काय, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी वैद्यकशास्त्राला सुमारे सात दशके खर्ची घालावी लागली आणि जे उत्तर मिळाले ते रोजच्या औषधचिठ्ठीत अजूनही पुरते उतरलेले नाही. प्रस्तुत निबंधात या परीक्षणाचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. हा इतिहास मुख्यत्वे युरोपातील प्रयोगशाळांत व रुग्णालयांत घडला असला तरी त्याचा एक महत्त्वाचा दुवा पुण्यात आहे, आणि त्याचे परिणाम यवतमाळसारख्या जिल्ह्यातील शेतमजूर रोज भोगतो आहे.

प्रारंभी शब्दांविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. मराठीत खाजणाऱ्या कातडीला अनेक नावे आहेत. खरूज हा सूक्ष्म किडीमुळे होणारा व संसर्गाने पसरणारा रोग. गजकर्ण व नायटा ही बुरशीची लागण. तर इसब म्हणजे त्वचेचा असा दाह की ज्यात कातडी लाल होते, पाझरते, खपल्या धरते आणि दीर्घकाळ खाजविल्याने जाड होते. या सर्वांत खाज समान असल्याने रुग्ण, दुकानदार आणि प्रसंगी वैद्यही त्यांची गल्लत करतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'कंडूघ्न' म्हणून दहा द्रव्यांचा स्वतंत्र गण सांगितला आहे. खाजेला रोगापासून वेगळे काढून तिच्यावर स्वतंत्र औषध योजण्याची कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते. युरोपात १६६० मध्ये हाफेनरेफर या जर्मन वैद्याने केलेली खाजेची व्याख्या आजही उद्धृत केली जाते : खाजविण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना. या व्याख्येत खाज ही रुग्णाच्या अनुभवातील गोष्ट मानली आहे, कातडीवर डोळ्यांना दिसणारी नव्हे. पुढील सर्व अडचणींचे मूळ तेथेच आहे.

हिस्टामीन : एका रेणूवरील संशय

हिस्टामीन हा रेणू प्रथम प्रयोगशाळेत जन्मला. १९०७ मध्ये विंडाउस आणि फोग्ट या जर्मन रसायनज्ञांनी तो तयार केला, तेव्हा शरीरात त्याचे काही काम असेल अशी कोणाला कल्पना नव्हती. १९१० मध्ये लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनी प्राण्यांवरील त्याचे परिणाम तपासले आणि रक्तवाहिन्या सैलावणे, श्वासनलिका आवळणे अशा क्रिया त्यांच्या नजरेस आल्या. पुढे १९२७ मध्ये हिस्टामीन प्राण्यांच्या ऊतींमध्ये स्वाभाविकपणेच असते, हे डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.

त्वचेच्या दृष्टीने महत्त्वाचे काम थॉमस लुईस यांचे. बोथट वस्तूने कातडीवर रेघ ओढली की आधी लाल रेष, मग तिच्या भोवती पसरणारी लाली आणि शेवटी फुगीर गांध, असा तिहेरी प्रतिसाद त्यांनी नोंदविला. त्वचेत सुईने हिस्टामीन टोचले तर हुबेहूब हेच घडते, आणि सोबत खाजही सुटते. लुईस यांचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. हिस्टामीन टोचले की खाज येते, म्हणून खाज येते तेथे हिस्टामीन असलेच पाहिजे, असे समीकरण यानंतर रूढ होत गेले. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही यातील दोष दाखवू शकेल. पाऊस पडला की अंगण ओले होते. परंतु ओले अंगण म्हणजे पाऊसच असे नव्हे, कोणी सडाही घातला असेल. तथापि वैद्यकात असे उलटे अनुमान दीर्घकाळ टिकते, कारण त्यावर औषध उभे राहू शकते.

ते औषध लवकरच उभे राहिले. १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोवे आणि आन-मारी स्टाउब यांनी हिस्टामीनच्या घातक मात्रेपासून गिनीपिगांना वाचविणारे पहिले संयुग शोधले. ते मानवाला देण्याजोगे नव्हते. १९४२ मध्ये फ्रान्समध्येच बर्नार हाल्पर्न यांनी अँटरगॅन हे रुग्णांना देता येणारे पहिले औषध पुढे आणले. १९४६ मध्ये अमेरिकेत डायफेनहायड्रामीन 'बेनाड्रिल' या नावाने आले. बोवे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही सर्व आरंभीची औषधे मेंदूत सहज शिरत आणि झोप आणत. त्या काळी झोप हा केवळ उपद्रव मानला गेला. खाजेच्या संदर्भात तोच औषधाचा मुख्य गुण ठरेल, असे कोणाच्या ध्यानी आले नाही.

तुलनेची शिस्त

औषध गुणकारी आहे हे ठरविण्यासाठी ते न घेतलेल्यांशी तुलना केली पाहिजे, हा विचार महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांना ती टोचली. उरलेले कैदी तुलनेसाठी आपोआप उपलब्ध झाले. कैद्याच्या 'स्वेच्छे'ला कितपत अर्थ असतो हा प्रश्न आज आपण विचारू. त्या काळी तो फारसा विचारला गेला नाही. प्लेगमध्ये मोजायचे काय हे मात्र स्पष्ट होते : किती आजारी पडले आणि किती मेले.

प्रतिहिस्टामीन औषधांच्या वाट्याला अशी स्पष्टता नव्हती. त्यांच्या इतिहासातील पहिला मोठा धडा सर्दीचा आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत या गोळ्या सर्दीवरील रामबाण म्हणून विकल्या जाऊ लागल्या. गोळी घेतली आणि दोन दिवसांत सर्दी गेली, असे हजारो लोक सांगू लागले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने थॉन्झिलामीन या औषधाची तुलना निरौषध गोळीशी केली व १९५० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. कोणती गोळी खरी हे ना रुग्णाला ठाऊक होते ना तपासणाऱ्याला. निरौषध गोळी घेतलेल्यांची सर्दीही जवळपास तितक्याच वेगाने बरी झाली होती. सर्दी तशीही बरी होणारच होती. आपोआप चढउतार होणाऱ्या व्याधीत 'मला गुण आला' या साक्षीचे मोल किती, हे या प्रसंगाने दाखवून दिले. इसब ही अशीच चढउतार होणारी व्याधी आहे. रुग्ण उपचाराला येतो तोच व्याधी शिगेला पोहोचल्यावर; त्यानंतर काहीही दिले तरी उतार पडण्याची शक्यता असतेच.

खाज मोजायची कशी ?

तापाला तापमापी आहे, रक्तदाबाला पारा आहे. खाजेला काय आहे? चाचणीकारांनी प्रथम सोपा मार्ग धरला. दहा सेंटीमीटरची रेघ काढायची, एका टोकाला 'खाज नाही', दुसऱ्या टोकाला 'कल्पनेतील सर्वांत तीव्र खाज', आणि रुग्णाने आपल्या अनुभवाची खूण करायची. पद्धत सुटसुटीत आहे, पण रुग्णाच्या अपेक्षेने ती सहज झुकते. शिवाय आपल्याकडील रुग्णाला अनुभव रेघेवर मांडण्याची सवय नसते. 'रुपयात किती आणे?' हा आपल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न या कामी कदाचित अधिक उपयोगी पडेल.

दुसरा मार्ग खाज सोडून खाजविणे मोजण्याचा. जागेपणी माणूस लाजेने, कामाच्या गडबडीत किंवा केवळ सवयीने खाजवतो अथवा खाजविणे आवरतो; म्हणून लक्ष रात्रीकडे वळले. १९७३ मध्ये एडिनबरा येथील सॅव्हिन, पॅटरसन व ऑस्वाल्ड यांनी त्वचारोग्यांच्या झोपेत मेंदूतील विद्युत्लहरींचा आलेख घेतला व त्याच वेळी खाजविण्याच्या नोंदी केल्या. रुग्ण झोपेच्या सर्व अवस्थांत खाजवत होते. परंतु हलक्या झोपेत अधिक आणि गाढ झोपेत कमी. १९७५ मध्ये फेलिक्स व शुस्टर यांनी हातापायांच्या हालचाली मोजणारी उपकरणे वापरून रात्रीच्या खाजविण्याला आकड्यांत बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

एडिनबरा येथील निरीक्षण वरवर साधे आहे, पण त्यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. गाढ झोपेत माणूस कमी खाजवत असेल, तर झोप गाढ करणारे कोणतेही औषध खाज कमी केल्याचा आभास निर्माण करील. रुग्ण सकाळी उठून सांगेल की रात्र बरी गेली. अंथरुणावर रक्ताचे डाग कमी असतील. डॉक्टर, रुग्ण आणि त्याच्या घरचे, तिघेही प्रामाणिकपणे म्हणतील की औषध लागू पडले. पण ते कोठे लागू पडले? कातडीत की मेंदूत?

येथे चाचणीच्या रचनेतील आणखी एक फट लक्षात घ्यावी लागते. निरौषध गोळीशी केलेली तुलना तेव्हाच खरी, जेव्हा रुग्णाला आपली गोळी ओळखता येत नाही. झोप आणणारे औषध स्वतःच आपली ओळख सांगते. ज्याला दुपारी पेंग येते त्याला कळते की आपल्याला खरे औषध मिळाले आहे, आणि त्याची खाजेची खूण त्या जाणिवेने सरकते. म्हणजे आरंभीच्या काळातील पुष्कळशा 'दुहेरी अज्ञात' चाचण्या प्रत्यक्षात अर्ध्यामुर्ध्याच अज्ञात होत्या.

इसबाच्या रुग्णांवरील चाचण्या

या कोड्याची उकल करण्याची संधी १९८० च्या दशकात आली. टर्फेनाडीन व ॲस्टेमिझोल ही मेंदूत फारशी न शिरणारी, म्हणून झोप न आणणारी प्रतिहिस्टामीन औषधे तोवर उपलब्ध झाली होती. १९८३ मध्ये क्राउझ व शुस्टर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जी तुलना मांडली तिची रचना या संपूर्ण इतिहासात मला सर्वांत चोख वाटते. एका बाजूला झोप आणणारे प्रतिहिस्टामीन, दुसऱ्या बाजूला झोप न आणणारी प्रतिहिस्टामीने आणि त्यांच्या जोडीला हिस्टामीनशी काहीही संबंध नसलेले निव्वळ झोपेचे औषध. खाज हिस्टामीनमुळे असेल तर पहिल्या दोन्ही प्रकारांनी ती थांबली पाहिजे. गुण झोपेचा असेल तर झोप न आणणारी औषधे निष्फळ ठरली पाहिजेत. इसबाच्या रुग्णांत दुसरी गोष्ट घडली. शीतपित्ताची खाज प्रतिहिस्टामीनाने शमली. इसबात मात्र झोप न आणणाऱ्या गोळ्यांचा प्रभाव दिसला नाही. इसबातील गुण हा मेंदूवरील गुंगीचा गुण होय, असे अनुमान त्यांनी काढले.

१९८९ मध्ये बर्थ-जोन्स व ग्रॅहम-ब्राउन यांनीही टर्फेनाडीन इसबाच्या खाजेवर अपयशी ठरल्याचे नोंदविले. याउलट काही चाचण्यांत थोडाफार गुण दिसला. १९९३ मध्ये हानुकसेला व सहकाऱ्यांनी सेट्रिझिनच्या चढत्या मात्रांची तुलना केली, तेव्हा ४० मिलीग्रॅमला, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या चौपटीला, परिणाम दिसून आला. पण एवढ्या मात्रेत सेट्रिझिनही गुंगी आणते. १९९९ मध्ये क्लाइन व क्लार्क यांनी तोवरच्या १६ अभ्यासांची छाननी केली व इसबाच्या खाजेवर या औषधांच्या उपयोगाला भक्कम वस्तुनिष्ठ पुरावा नाही, असा निर्वाळा दिला.

लहान मुलांचा विषय अधिक नाजूक आहे. इसब असलेल्या तान्ह्या मुलांना पुढे दमा होऊ नये म्हणून दीड वर्ष सेट्रिझिन देण्याची एक मोठी चाचणी युरोपातील अनेक देशांत व कॅनडात झाली. सुमारे ८०० बालके तीत होती व तिचे मुख्य निष्कर्ष १९९८ पासून प्रसिद्ध झाले. सर्व मुलांचा एकत्र विचार करता दम्याला आळा बसला नाही. अधिक तीव्र इसबाच्या मुलांत स्टेरॉइड मलमाची गरज काहीशी घटल्याचे दिसले. एवढ्या मोठ्या परिश्रमातून निघालेले हे फळ लहान आहे, पण त्या काळी या औषधाकडून केवढी अपेक्षा होती याची कल्पना त्यावरून येते.

कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय समीक्षा-संस्थेने दोनदा या प्रश्नाकडे पाहिले. २०१३ च्या समीक्षेत, केवळ प्रतिहिस्टामीन देऊन इसबावर उपचार केल्याची, निकषांत बसणारी एकही यादृच्छिक चाचणी आढळली नाही. २०१९ च्या समीक्षेत मलमाच्या जोडीला ही गोळी दिलेल्या २५ चाचण्या व ३,२८५ रुग्ण होते. सेट्रिझिन व लोराटाडीन यांचा निरौषध गोळीहून अधिक असा खात्रीलायक लाभ दिसला नाही. फेक्सोफेनाडीनच्या दररोज १२० मिलीग्रॅम मात्रेने खाज थोडी कमी होत असावी, इतपतच म्हणता आले. त्या 'थोडी'चा अर्थही समजून घ्यावा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ४०० रुग्णांवरील जपानी चाचणीत दोन गटांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला, पण तो इतका लहान होता की रुग्णाला तो जाणवला असेल काय, अशी शंका येते. संख्याशास्त्रातील 'सार्थ' आणि रुग्णाच्या जीवनातील 'सार्थ' हे दोन भिन्न शब्द आहेत. मराठीने ते एकाच रूपात वापरावेत हे दुर्दैव.

खाजकुहिलीची साक्ष

इसबाची खाज हिस्टामीनची नसेल तर कशाची? याचे उत्तर शोधताना संशोधकांना साहाय्य केले ते आपल्या कुंपणावर वाढणाऱ्या एका वेलीने. खाजकुहिलीच्या शेंगेवरील कुसळे अंगाला लागली की काय होते, हे विदर्भातील कोणत्याही गुराख्याला विचारावे. १९५५ मध्ये शेली व आर्थर यांनी या कुसळांतील खाजेचे कारण हिस्टामीन नसून प्रथिने तोडणारे एक विकर असल्याचे दाखविले. या कामाकडे नंतर दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. २००७ व २००८ मध्ये पुन्हा प्रयोग झाले. हिस्टामीन टोचून आणलेली खाज प्रतिहिस्टामीन मलमाने थांबली, पण खाजकुहिलीची खाज त्याच मलमाने थांबली नाही. दोहोंचे संदेश वाहणारे चेतातंतूही वेगळे असल्याचे दिसून आले. म्हणजे खाजेला मेंदूकडे जाण्याचे किमान दोन रस्ते आहेत, आणि आपली गोळी त्यांतील एकाच रस्त्यावर पहारा देते. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

२००४ मध्ये इंटरल्युकिन-३१ हा खाज उत्पन्न करणारा संदेशवाहक रेणू वर्णिला गेला. त्याच्या ग्राहकाला अडविणाऱ्या नेमोलिझुमॅबला आणि २०१७ मध्ये आलेल्या डुपिलुमॅबला इसबाच्या खाजेवर जे यश मिळाले, ते हिस्टामीनला स्पर्शही न करता मिळाले. ही औषधे टोचावी लागतात आणि त्यांची किंमत शेतमजुराच्या कल्पनेपलीकडची आहे. येथे त्यांचा उल्लेख केवळ हिस्टामीनवरील संशयाचा निकाल काय लागला हे सांगण्यापुरता आहे.

गाजर गवताचे इसब

वरील बहुतेक चाचण्या आनुवंशिक प्रवृत्तीतून, प्रायः बालपणी सुरू होणाऱ्या इसबाच्या रुग्णांवर झाल्या. यवतमाळच्या शेतातील प्रौढ रुग्णाचे इसब पुष्कळदा निराळ्या कुळातील असते. ते स्पर्शजन्य असते आणि त्याचे कारण डोळ्यांसमोर फुललेले असते.

गाजर गवत हे मूळचे अमेरिका खंडातील. भारतातील त्याच्या प्रसाराची नोंद पुण्यापासून सुरू होते. तेथे १९५५ मध्ये ते आढळले आणि १९५६ मध्ये रा. शे. राव यांनी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेतून आयात केलेल्या धान्याबरोबर ते आले, असे सर्वत्र सांगितले जाते. त्यापूर्वीही ते भारतात तुरळक असल्याकडे काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी लक्ष वेधले आहे. काँग्रेस गवत, पांढरी फुली, चटक चांदणी अशी नावे धारण करीत ते पुढील काही दशकांत देशभर पसरले. एका नावाने त्याच्या पांढऱ्या फुलांत टोपी पाहिली, दुसऱ्याने चांदणी. बोलीभाषेची विनोदबुद्धी संकटातही शाबूत असते ती अशी.

या गवताने होणारे इसब शास्त्रीय साहित्यात आणण्याचे श्रेय बव्हंशी पुण्याला जाते. पुण्याचे लोणकर यांनी मिचेल व कॅल्नन यांच्यासह १९७४ मध्ये लंडनच्या सेंट जॉन्स त्वचारोग रुग्णालयाच्या नियतकालिकात या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. १९७६ मध्ये लोणकर यांनी नागसंपगी, नारायणन प्रभृती रसायनज्ञांच्या सहकार्याने या वनस्पतीतील प्रतिजनाविषयीचा निबंध लिहिला. वनस्पतीतील पार्थेनिन या द्रव्याची रचना १९६२ मध्येच अमेरिकेत उलगडली होती; ते त्वचेला कसे छळते याचा पुरावा मात्र महाराष्ट्रातील रुग्णांच्या पाठीवर लिहिला गेला. पाठीवर, कारण स्पर्शजन्य इसबाची तपासणी तेथेच होते. संशयित द्रव्याची पट्टी पाठीवर चिकटवायची, ४८ तासांनी काढायची, आणि त्यानंतर पुन्हा एकदोन दिवसांनी तीच जागा पाहायची. ही पॅच चाचणी होय.

या चाचणीच्या वेळापत्रकातच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. शीतपित्त, धुळीची शिंक यांसाठी जी टोचणी-चाचणी करतात तिचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत दिसतो, कारण तेथे मास्ट पेशींतून हिस्टामीन एकदम सांडते. गाजर गवताची प्रतिक्रिया दोन ते चार दिवस घेते, कारण ती लसिका पेशींची सावकाश जमवाजमव असते आणि तीत हिस्टामीनची भूमिका गौण असते. टोचणी-चाचणीपूर्वी काही दिवस प्रतिहिस्टामीन गोळी बंद करण्यास त्वचारोगतज्ज्ञ आवर्जून सांगतात, अन्यथा निकाल दबतो. पॅच चाचणीपूर्वी ती बंद करण्याची गरज मानली जात नाही. गोळी चालू असतानाही पाठीवर इसब उमटतेच. तपासणीच्या खोलीत हे ज्ञान रोज वापरले जाते; तेथून उपचाराच्या खोलीत येताना मात्र त्याचा विसर पडतो.

गाजर गवताच्या इसबावर भारतात ज्या कसोशीच्या चाचण्या झाल्या त्या दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत. पसरिचा, वर्मा व सहकाऱ्यांनी अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध २००० पासून या रोगात अभ्यासले आणि २००८ मध्ये त्याची बीटामेथासोन या स्टेरॉइडशी यादृच्छिक तुलना प्रसिद्ध केली. दोन्ही औषधांनी रोग आटोक्यात येऊ शकतो असे दिसले. कसोटी लागली ती लसिका पेशींना आवरणाऱ्या औषधांची, आणि तसेच व्हायला हवे होते. मात्र अझाथायोप्रिन घेताना वरचेवर रक्त तपासावे लागते, आणि दीर्घकाळ पोटात घेतलेल्या स्टेरॉइडचे दुष्परिणाम सर्वश्रुत आहेत. ॲलर्जीच्या गोळीला रक्ततपासणी लागत नाही. तिच्या लोकप्रियतेचे हे कारण नजरेआड करून चालणार नाही.

यवतमाळच्या रुग्णाच्या बाजूने

एक आक्षेप येथे रास्तपणे घेता येईल. गोळीने कातडी सुधारत नसेल, पण रुग्णाला झोप तर लागते. मग बिघडले कोठे? रात्र-रात्र खाजविणाऱ्या माणसाला झोप ही क्षुल्लक देणगी नव्हे. अमेरिकेच्या त्वचारोग अकादमीने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही झोपमोड होणाऱ्या रुग्णाला गुंगी आणणारी गोळी थोड्या दिवसांपुरती देण्यास वाव ठेवला आहे. मलमाच्या उपचाराची जागा तिने घेऊ नये, एवढेच बजावले आहे. माझे मत याहून वेगळे नाही. पण मग तिला झोपेची गोळी म्हणावे आणि झोपेच्या गोळीसारखीच रात्री, मोजक्या दिवसांसाठी द्यावी. व्यवहारात ती सकाळ-संध्याकाळ दिली जाते. पहिल्या पिढीची गोळी सकाळी घेऊन जो मजूर विळा, डवरा किंवा फवारणीचा पंप हाती घेतो, त्याची सावधगिरी दिवसभर मंदावलेली असते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. त्याची कारणे अनेक होती आणि त्यांचा या गोळीशी संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. परंतु फवारणीनंतर अंगाला व डोळ्यांना सुटणारी खाज, गाजर गवताचे इसब आणि गजकर्ण या तिन्हींवर एकच गोळी चालते असा समज असलेल्या ठिकाणी पहिली धोक्याची खूण कशी हरवते, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

दुसरा तोटा वेळेचा. झोप लागली की औषध लागू पडले असे वाटते, आणि कारण शोधण्याची निकड संपते. रुग्ण पुन्हा त्याच धुऱ्यावर उघड्या हातांनी तेच गवत उपटतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, गवत फुलावर येण्यापूर्वीच ते काढणे, घरी येताच अंग धुणे, नियमित तेल वा स्निग्ध मलम आणि दाहावर योग्य ताकदीचे स्टेरॉइड मलम ठराविक काळ, हे उपचार कंटाळवाणे आहेत; पण रोगाच्या कारणाशी त्यांचे नाते आहे. १९८४ पासून भारतात सोडलेला मेक्सिकन भुंगा गाजर गवताची पाने खातो. सर्वत्र तो सारखाच यशस्वी झाला नसला तरी एका अर्थाने तोही या खाजेवरील उपचारच आहे, आणि गोळीपेक्षा अधिक नेमका.

भारतात औषध-चाचण्यांची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली आणि २०१९ मध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांविषयीचे स्वतंत्र नियम आले. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. क्राउझ व शुस्टर यांनी १९८३ मध्ये विचारलेला प्रश्न गाजर गवताच्या रुग्णांपुरता येथे पुन्हा विचारणे फार खर्चाचे काम नाही : रात्रीची गुंगी आणणारी गोळी, गुंगी न आणणारी गोळी आणि निरौषध गोळी, सर्वांना सारखेच मलम, आणि मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र, जे आता घड्याळाच्या रूपात बाजारात मिळते.

अडचण आहे ती पॅच चाचणीची. पट्टी लावायला एक फेरी, ४८ तासांनी काढायला दुसरी, आणि त्यानंतर पाहायला तिसरी. झरी-जामणीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या तेलंगणाकडील टोकाच्या, मजूर स्त्रीला ऐन निंदणीच्या हंगामात यवतमाळच्या तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि तीनदा बसभाडे. त्या दरम्यान पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असे काम करायचे नाही. ॲलर्जीच्या गोळीची पट्टी गावच्या दुकानात काही रुपयांना मिळते आणि ती घेतली की त्या रात्री झोप लागते.